मधली फळी खचते आहे

ऑस्ट्रेलियातल्या महिला फूटीविषयी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलविषयी, बोलताना बहुतेक जण ३ फेब्रुवारी २०१७ च्या संध्याकाळपासून सुरुवात करतात. मेलबर्नच्या प्रिन्सेस पार्कवर कार्लटन आणि कॉलिंगवूड यांच्यात महिलांच्या राष्ट्रीय लीगचा, म्हणजे एएफएलडब्ल्यूचा, पहिला सामना झाला. आत २४,५६८ प्रेक्षक होते. मैदान भरलं म्हणून दरवाजे बंद करावे लागले आणि आलेले बरेच लोक बाहेरच राहिले. दिवस मोठा होता यात शंका नाही. पण त्या संध्याकाळी मैदानात उतरलेल्या बहुतेक खेळाडू आदल्या वर्षापर्यंत कुठे खेळत होत्या? उपनगरांतल्या मैदानांवर, राज्य पातळीच्या लीगमध्ये, अनेकदा स्वतःच्या खिशातून वर्गणी भरून. राष्ट्रीय लीग त्यांच्या जिवावर उभी राहिली. आज त्याच राज्य पातळीच्या हंगामाची जी ओढाताण चालली आहे ती पाहून मला धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. हा हंगाम वरच्या लीगसाठी खेळाडू साठवून ठेवण्याची जागा बनत चालला आहे. त्याला स्वतःचं वेळापत्रक नाही, स्वतःचा पैसा नाही, स्वतःचा आवाज नाही. हे असंच चाललं तर वरची लीगही फार काळ धड राहणार नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैदान क्रिकेटचंच, अंडाकृती आणि अफाट. चेंडूही अंडाकृती. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथ मारून चेंडू काढला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. चेंडू फेकता येत नाही. पायाने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. लांबून लाथेने आलेला चेंडू हवेतच झेलला की त्याला 'मार्क' म्हणतात, आणि मार्क घेण्यासाठी खेळाडू एकमेकींच्या खांद्यावरून उड्या घेतात. धावताना अचानक दिशा बदलणं, एका पायावर उतरणं, बाजूने येणारी धडक, हे सगळं प्रत्येक मिनिटाला. गुडघा आणि डोकं या दोन अवयवांची या खेळात सतत परीक्षा असते. पुढे दुखापतींविषयी लिहिणार आहे, म्हणून हे आधीच सांगितलं.

या खेळात बायका नव्याने आल्या असं नाही. पर्थमध्ये १९१५ साली, युद्धकाळात, 'फॉय अँड गिब्सन' या मोठ्या दुकानातल्या कामगार मुलींनी संघ केला होता. पण सलग, वर्षानुवर्षं चालणारी व्यवस्था उभी राहिली ती १९८१ मध्ये, व्हिक्टोरियन विमेन्स फुटबॉल लीगच्या रूपाने. सुरुवातीला संघ फक्त चार. पुरुषांच्या क्लबांनी मैदान दिलं तर खेळायचं, नाही दिलं तर दुसरीकडे विचारायचं. कपडे बदलायच्या खोल्या पुरुषांसाठी बांधलेल्या, पंच मिळण्याची मारामार. तरीही लीग पस्तीस वर्षं चालली आणि वाढत गेली. मेलबर्नच्या उत्तर भागात १९९० मध्ये सुरू झालेला डॅरबिन फाल्कन्स हा क्लब त्या काळाचं सगळ्यात ठळक उदाहरण. हा क्लब कुठल्याही पुरुष संघाची शाखा नव्हता. बायकांनी बायकांसाठी काढलेला, बायकांनीच चालवलेला. २०१३ ते २०१७ अशी सलग पाच विजेतेपदं त्याने मिळवली. डेझी पिअर्स, डार्सी व्हेस्सिओ, कॅरन पॅक्समन, एलिस ओडी ही पुढे राष्ट्रीय लीगमध्ये गाजलेली नावं याच क्लबातून आली. पिअर्स तेव्हा सुईणीचं काम करत होती आणि उरलेल्या वेळात देशातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून ओळखली जात होती.

मुलींसाठी वाट कशी उघडली, तेही विसरता कामा नये. मुलगी ठरावीक वयाची झाली की तिला मुलांच्या संघातून बाहेर काढलं जाई आणि तिच्यासाठी दुसरा संघ असेच असं नव्हतं. पेनी कुला-रीड आणि आणखी दोन मुली या नियमाविरुद्ध व्हिक्टोरियाच्या न्यायाधिकरणापुढे गेल्या. २००४ च्या त्या प्रकरणानंतर मुलींच्या स्वतंत्र स्पर्धांना चालना मिळाली. कुला-रीड पुढे कॉलिंगवूडकडून राष्ट्रीय लीगमध्ये खेळली. २०१३ मध्ये मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर एएफएलच्या, म्हणजे या खेळाची राष्ट्रीय लीग चालवणाऱ्या संस्थेच्या, मान्यतेने महिलांचा पहिला प्रदर्शनी सामना झाला, त्यासाठीही खेळाडू राज्यांच्या लीगमधूनच आल्या. म्हणजे सांगायचं ते हे की, वरच्या मंडळींनी 'महिला फुटबॉल सुरू केलं' असं जे सहजपणे म्हटलं जातं ते खरं नाही. त्यांनी तयार खेळाडू उचलल्या. उचलल्या याबद्दल तक्रार नाही. जिथून उचलल्या त्या जागेचं नंतर काय केलं, याबद्दल आहे.

२०१६ मध्ये व्हिक्टोरियातल्या जुन्या लीगच्या वरच्या गटांतून दहा क्लब घेऊन व्हीएफएल विमेन्स, म्हणजे व्हीएफएलडब्ल्यू, ही राज्य पातळीची लीग तयार झाली. डॅरबिन, डायमंड क्रीक, ईस्टर्न डेव्हिल्स, सेंट किल्डा शार्क्स, सीफर्ड, नॉक्स, क्रॅनबर्न, वेस्टर्न स्पर्स, मेलबर्न युनिव्हर्सिटी, जिलाँग. बहुतेक नावं उपनगरांची. जुनी लीग त्याच वर्षी संपली आणि तिचे बाकीचे क्लब स्थानिक लीगमध्ये विभागले गेले. मग दोनच हंगामांनी, २०१८ मध्ये, पट पुन्हा मांडला गेला. परवाने मोठ्या एएफएल क्लबांकडे आणि त्यांच्याशी जोडलेल्या व्हीएफएल, म्हणजे पुरुषांच्या राज्य लीगच्या, क्लबांकडे गेले. हॉथॉर्न, एसेंडन, रिचमंड, कॉलिंगवूड, कार्लटन, वेस्टर्न बुलडॉग्स, केसी, विल्यमस्टाउन ही नावं आली. त्या दहांपैकी सात नावं यादीतून गेली. मेलबर्न युनिव्हर्सिटीचं नावही काही काळाने नॉर्थ मेलबर्नमध्ये विरून गेलं. बायकांनी उभे केलेले क्लब एका सहीने राज्य पातळीवरून खाली गेले.

यामागचा विचार अगदीच चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. मोठ्या क्लबाकडे व्यायामशाळा असते, पूर्णवेळ प्रशिक्षक असतात, डॉक्टर असतो. जी मुलगी कालपर्यंत गाडीच्या डिकीआड कपडे बदलत होती तिला कुलूप लावता येईल असं कपाट मिळालं. एसेंडनचं उदाहरण या बाजूने ठामपणे देता येतं. २०२२ मध्ये त्यांचा राज्य संघ अपराजित राहून विजेता ठरला. त्याची कर्णधार जॉर्जिया नॅन्सकावेन ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय हॉकी संघातून खेळून मग फूटीकडे आलेली. त्याच वर्षी एसेंडनला राष्ट्रीय लीगमध्ये जागा मिळाली आणि नॅन्सकावेनसह त्या संघातल्या अनेक जणी वर गेल्या. वयाच्या अठराव्या वर्षी निवड झाली नाही तरी दरवाजा बंद होत नाही, हे राज्य लीगचं मोठेपण त्या वर्षी दिसलं.

पण त्याच बदलाची दुसरी बाजू रिचमंडने दाखवली. २०१८ मध्ये राज्य लीगमध्ये आलेला हा क्लब दोन हंगाम खेळून बाहेर पडला. त्याचं लक्ष राष्ट्रीय संघाकडे होतं आणि राज्य पातळीसाठी पोर्ट मेलबर्नशी जोडून घेणं त्याला पुरेसं वाटलं. नॉर्दर्न टेरिटरीचा थंडर संघही दोन हंगामांनंतर दिसला नाही. ज्यांच्यासाठी महिला संघ हा अनेक खर्चांपैकी एक खर्च आहे, त्यांना तो कधीही कापता येतो. ज्यांचं अख्खं अस्तित्वच महिला संघ आहे, त्यांना कापायला दुसरं काही नसतं. डॅरबिन टिकून राहिला, पण कसा? राष्ट्रीय लीगने त्याच्या उत्तम खेळाडू नेल्या, मोठ्या क्लबांच्या राज्य संघांनी उरलेल्यांना सोयी दाखवून बोलावलं आणि सलग पाच विजेतेपदं जिंकलेला संघ गुणतक्त्याच्या तळाशी गेला. खेळात जिंकणं-हरणं चालायचंच. पण खेळाडू घडवणाऱ्या क्लबाला त्याच्या कामाची भरपाई मिळत नाही आणि घडलेल्या खेळाडू मात्र कोणीही नेऊ शकतो, ही रचना असेल तर तळाशी जाणं हा अपघात राहत नाही. पोर्ट मेलबर्नने २०२३ मध्ये विजेतेपद मिळवून दाखवलं की मोठ्या नावाशिवायही हे शक्य आहे. तरी त्यांच्यामागे पुरुषांचा शतकाहून जुना क्लब होता आणि रिचमंडशी केलेला करार होता. डॅरबिनच्या मागे फक्त डॅरबिन होतं.

इथे दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे पाहायला हवं. तिथे राज्य पातळीच्या महिला लीगमधले संघ राज्याच्या जुन्या क्लबांचेच आहेत: नॉरवुड, ग्लेनेल्ग, स्टर्ट, साउथ अ‍ॅडलेड, तिकडे क्लेअरमाँट, सुबियाको, स्वान डिस्ट्रिक्ट्स, ईस्ट फ्रीमँटल. अ‍ॅडलेड क्रोज किंवा वेस्ट कोस्ट ईगल्स यांचे दुय्यम महिला संघ त्या लीगमध्ये उतरत नाहीत. त्यामुळे नॉरवुड आणि ग्लेनेल्गमधला सामना हा दोन वस्त्यांमधला सामना राहतो. त्याला स्वतःचे समर्थक असतात, स्वतःचा इतिहास असतो. क्रोजच्या महिला संघाने पहिल्या सहा मोसमांत तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यामागे एरिन फिलिप्ससारखी असामान्य खेळाडू होती हे खरंच, पण खाली भक्कम राज्य लीग होती हेही तितकंच खरं. व्हिक्टोरियाने वेगळा रस्ता धरला. सगळ्यात जास्त एएफएल क्लब तिथे आहेत, त्यामुळे परवाने त्यांच्याकडे सोपवण्याचा मोहही सगळ्यात मोठा होता.

आता वेळापत्रक. मला वाटतं, सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं आहे आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष आहे. सुरुवातीला राष्ट्रीय लीग उन्हाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चमध्ये होई, आणि राज्य लीग मेपासून सप्टेंबरपर्यंत, फूटीच्या खऱ्या ऋतूत. २०२२ मध्ये राष्ट्रीय लीगचे एकाच वर्षात दोन हंगाम झाले, एक जानेवारीपासून आणि दुसरा ऑगस्टपासून, कारण लीगला कायमची ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात हलवायचं होतं. दरम्यान राज्य लीगही वर्षाच्या पूर्वार्धात सरकली आणि तिचा अंतिम सामना जुलैमध्ये आला. मेलबर्नमधली बरीच मैदानं मार्चअखेरपर्यंत क्रिकेटकडे असतात. त्यामुळे सराव कुठे करायचा, हा प्रश्न हंगामाच्या तोंडावर दरवर्षी उभा राहतो. आणि राज्य लीगचे निर्णायक सामने येतात नेमक्या त्या वेळी राष्ट्रीय संघांची पूर्वतयारी सुरू झालेली असते. सुरुवातीच्या फेऱ्यांत राष्ट्रीय यादीतल्या, म्हणजे राष्ट्रीय लीगशी करार असलेल्या, खेळाडू संघात असतात, शेवटाकडे त्या निघून जातात. अठराच्या आतल्या मुली त्यांच्या स्वतःच्या स्पर्धेतून सवड मिळेल तशा येतात आणि जातात. तिसऱ्या फेरीतला संघ आणि तेराव्या फेरीतला संघ यांचा एकमेकांशी मेळच राहत नाही. प्रेक्षकाने कोणावर प्रेम करायचं? प्रशिक्षकाने कोणता डाव बसवायचा? आणि जी पंचवीस वर्षांची मुलगी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सरावाला येते, तिने आपली जागा दर आठवड्याला कोणासाठी सोडायची?

कोविडच्या महामारीतही राज्य लीगकडे असंच दुर्लक्ष झालं. २०२० चा राज्य हंगाम झालाच नाही. २०२१ मध्ये कॉलिंगवूड आणि जिलाँग अंतिम फेरीत पोचले, पण सामना खेळला गेला नाही, विजेता ठरला नाही. टाळेबंदी कोणाच्या हातात नव्हती, हे मान्य. पण त्या दोन वर्षांत ज्यांनी खेळ सोडला त्या परत याव्यात यासाठी ठोस काही झाल्याचं मला दिसलं नाही. विशीच्या मध्यावर असलेल्या खेळाडूची दोन वर्षं गेली तर तिचं खेळायचं वय जवळपास संपतं.

मेलबर्नच्या उत्तर भागात मी अधूनमधून राज्य पातळीचे सामने बघायला जाते. एका शनिवारी दुपारी, पाऊस थांबून वारा सुटलेला असताना, तिसऱ्या सत्रात एक खेळाडू उंच झेपावून एका पायावर उतरली आणि तशीच बसली. किंचाळली नाही. गुडघा दोन्ही हातांनी धरून मान खाली घातली, इतकंच. दोन प्रशिक्षणार्थी मुली पाण्याच्या बाटल्या टाकून धावत गेल्या. त्यांनी तिला खांद्यांवर तोलून सीमारेषेबाहेर आणलं आणि बाकावर बसवलं. कॅन्टीनमधून पिशवीत बर्फ आला. ती नर्स होती. तिने पहिल्यांदा विचारलं ते गुडघ्याबद्दल नाही. सोमवारी सकाळची ड्यूटी कोणाला देता येईल, हे तिने मैत्रिणीला फोनवरून बघायला सांगितलं. मैदानावर डॉक्टर नव्हता. सामना पुढे सुरू झाला.

महिला फूटीत गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण पुरुषांच्या तुलनेत कित्येक पटींनी जास्त आहे, हे आता सर्वमान्य आहे. शस्त्रक्रियेनंतर परत खेळायला नऊ महिने ते वर्ष लागतं. कारणं अनेक सांगितली जातात: शरीररचना, ताकदीच्या व्यायामाची उशिरा झालेली सुरुवात, लहानपणी मुलींना उडी मारून उतरायचं नीट न शिकवणं. ला ट्रोब विद्यापीठाच्या मदतीने तयार झालेला 'प्रेप टू प्ले' हा सराव कार्यक्रम त्यासाठीच आहे आणि तो चांगला आहे. पण असा सराव आठवड्यातून दोनदा, जाणत्या माणसाच्या नजरेखाली व्हायला हवा. दिवसभर काम करून संध्याकाळी सात वाजता अर्ध्या उजेडात सरावाला आलेल्या संघाला तसा माणूस रोज मिळत नाही. राष्ट्रीय यादीतल्या खेळाडूची शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन तिचा क्लब सांभाळतो. राज्य पातळीवरची खेळाडू फिजिओथेरपीची बिलं बहुतांशी स्वतः भरते, रजा स्वतः काढते, आणि कामावर उभं राहायला लागत असेल तर पगारही गमावते. दुखापत तीच, मैदान तेच. फरक फक्त यादीत नाव आहे की नाही याचा.

डोक्याच्या बाबतीत तर याहून गंभीर इशारा मिळालेला आहे. हेदर अँडरसन ही २०१७ च्या विजेत्या अ‍ॅडलेड संघातली खेळाडू, व्यवसायाने लष्करात वैद्यकीय सेवेत. २०२२ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी तिचा मृत्यू झाला. तिच्या कुटुंबाने तिचा मेंदू ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स ब्रेन बँकेकडे सोपवला आणि २०२३ मध्ये जाहीर झालं की तिला सीटीई हा वारंवार बसणाऱ्या आघातांशी जोडला गेलेला मेंदूचा आजार होता. व्यावसायिक महिला खेळाडूत या आजाराचं निदान होण्याची जगातली ती पहिली वेळ. राष्ट्रीय लीगमध्ये ती फक्त आठ सामने खेळली होती. लहानपणापासून खेळलेली बाकी सगळी फूटी त्या आठ सामन्यांच्या बाहेरची. आणि आपली सगळी खबरदारी, चित्रफीत तपासणारे डॉक्टर, संशयित आघात टिपणारी माणसं, आहे ती त्या आठ सामन्यांच्या पातळीवर. खालच्या पातळीवर बहुधा भरवसा असतो तो बाजूला उभ्या असलेल्या कोणा जाणत्या माणसाच्या डोळ्यांवर.

पैशाचं बोललं की लगेच सांगितलं जातं की महिला लीग अजून कमावत नाही. ठीक आहे, हिशेब मांडू. एएफएलने २०२५ ते २०३१ या सात वर्षांसाठी प्रक्षेपणाचे हक्क साडेचार अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरना विकले. राष्ट्रीय महिला लीगच्या पहिल्या मोसमात बहुतांश खेळाडूंना ८,५०० डॉलर मिळाले होते. २०२२ च्या ऑगस्ट हंगामात किमान मानधन ३९,१८४ डॉलरवर गेलं, आणि एएफएल व खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३ च्या संयुक्त करारानुसार सरासरी २०२७ पर्यंत ८२,००० डॉलरच्या आसपास जायची आहे. ही वाढ खेळाडूंनी झगडून मिळवली आणि ती न्याय्य आहे. पण याच काळात राज्य पातळीवरच्या बहुतेक खेळाडूंना मिळतं ते नाममात्र मानधन, किंवा तेही नाही. राष्ट्रीय यादीतली शेवटची खेळाडू आणि राज्य लीगमधली सर्वोत्तम खेळाडू यांच्या खेळात फार अंतर नसतं. त्यांच्या आयुष्यात मात्र प्रचंड अंतर पडलं आहे. मधे कुठेही पायरी नाही.

वरची लीग फेब्रुवारी २०१७ मध्ये आठ संघांची होती, ऑगस्ट २०२२ मध्ये अठरा संघांची झाली. सहा वर्षांच्या आत दहा नवे संघ. एका संघात तीस खेळाडू धरले तर ५४० जणी. हा विस्तार झाला तेव्हा त्याच्या खालच्या फळीत नेमकी उलटी घडामोड चालली होती: जुने क्लब बाहेर, एक मोसम रद्द, एक अपुरा, वेळापत्रकाची ओढाताण. मग सामन्यांत गोल कमी होतात म्हणून टीका सुरू झाली. टीकाकार त्याचं कारण मुलींच्या पायातल्या ताकदीत शोधतात. कारण साधं आहे. जी मुलगी चौदाव्या वर्षी खेळ सोडून विसाव्या वर्षी परत आली, जिला दोन वर्षं सामनेच मिळाले नाहीत, तिला एकदम सर्वोच्च पातळीवर उभं केलं तर चेंडूवरची सफाई येणार कुठून? ती राज्य पातळीवरच्या चाळीस-पन्नास सामन्यांतून येते. त्याला दुसरा उपाय नाही.

आणि इथून एक दुष्टचक्र सुरू होतं. २०२३ च्या करारात राष्ट्रीय हंगामाची पुढची वाढ प्रेक्षकसंख्येशी बांधलेली आहे. फेऱ्या दहावरून अकरा आणि मग बारा झाल्या, पण त्यापुढे जायचं तर मैदानावरचे आणि टीव्हीसमोरचे प्रेक्षक वाढायला हवेत. पहिल्या मोसमांत प्रवेश मोफत होता आणि सामन्याला सरासरी सहा-सात हजार लोक येत; संघ अठरा झाल्यावर ही सरासरी तीन हजारांच्याही खाली आली. लोकांना आणायचं तर खेळ चांगला हवा. खेळ चांगला हवा तर राज्य लीग भक्कम हवी. राज्य लीगसाठी पैसा मागितला तर उत्तर मिळतं, आधी प्रेक्षक आणा. ज्यांच्या हातात काहीच नाही अशा लोकांवर अट घातली गेली आहे.

याचा फटका कोणाला बसेल, हे मला माझ्या आसपास दिसतं. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या भागांत भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, त्यात मराठी घरंही पुष्कळ. आमच्या मुली शाळेतून 'ऑसकिक' या लहान मुलांच्या फूटी कार्यक्रमाला जातात, पाच-सहा वर्षांच्या असताना अंडाकृती चेंडू घेऊन घरी येतात, आई-वडिलांना नियम समजावून सांगतात. वेरिबीच्या चर्नसाइड पार्कवर राज्य पातळीची महिला फूटी अगदी दाराशी खेळली जाते. पण चौदा-पंधराव्या वर्षी घरात प्रश्न निघतो: पुढे काय? आई-वडील खेळाच्या विरोधात असतात असं नाही. गुडघा गेला तर कोण बघणार, शिक्षण आणि खेळ दोन्ही जमेल का, एवढंच ते विचारतात. राष्ट्रीय लीगमध्ये पोचणाऱ्या मोजक्या मुलींचे फोटो दाखवून या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. मुलगी वर पोचली नाही तरी पस्तिशीपर्यंत सुरक्षितपणे, मानाने खेळू शकेल अशी जागा दाखवावी लागते. ती जागा म्हणजे राज्य लीग आणि तिच्याखालचे क्लब. ती जागा डळमळीत असेल तर नव्या वस्त्यांमधल्या मुली या खेळात येणारच नाहीत, आणि व्हिक्टोरियाची लोकसंख्या वाढते आहे ती याच वस्त्यांमध्ये.

काय करता येईल, ते अशक्यातलं नाही. राज्य लीगच्या प्रत्येक सामन्याला डॉक्टर आणि मान्यताप्राप्त फिजिओथेरपिस्ट असणं ही परवान्याची अट करता येईल आणि त्याचा खर्च एएफएलने उचलावा. गुडघ्याची शस्त्रक्रिया, पुनर्वसन आणि बुडालेली मजुरी धरून विमा काढता येईल. खेळाडू राष्ट्रीय संघात गेली की तिला घडवणाऱ्या क्लबाला ठरावीक रक्कम देता येईल. डॅरबिनसारख्या क्लबाला उभं राहायला तेवढं पुष्कळ. परवाना दोन हंगामांत सोडता येणार नाही, अशी मुदत मोठ्या क्लबांवर घालता येईल. वेळापत्रकात निदान इतकं करता येईल की राज्य लीगचा अंतिम सामना होईपर्यंत राष्ट्रीय यादीतली खेळाडू तिच्या राज्य संघाकडून उपलब्ध असेल, किंवा मग ती हंगामभर नसेल. अधलंमधलं काही नको. शेवटची मागणी मोठ्या क्लबांना आवडणार नाही, कारण त्यांची पूर्वतयारी काही आठवड्यांनी पुढे जाईल.

हे सगळं ठरवायची वेळ लांब नाही. २०२३ चा संयुक्त करार २०२७ मध्ये संपतो. पुढच्या कराराच्या वाटाघाटीत एका बाजूला एएफएल असेल, दुसऱ्या बाजूला खेळाडूंची संघटना. ही संघटना राष्ट्रीय यादीतल्या खेळाडूंची आहे. राज्य लीगमध्ये खेळणाऱ्या, मानधनाशिवाय किंवा नाममात्र मानधनावर खेळणाऱ्या शेकडो जणींना तिथे प्रतिनिधी नाही. त्यांचा हंगाम कधी सुरू होईल, कधी संपेल, त्यात कोण खेळेल, हे त्यांच्या गैरहजेरीत ठरणार. २०२७ च्या चर्चेसाठी दोन्ही बाजू बसतील तेव्हा राज्य लीगच्या खेळाडूंनी निवडलेली निदान एक व्यक्ती त्या खोलीत असावी, ही मागणी खेळाडूंच्या संघटनेनेच आता, करार संपायच्या आधी, लेखी मांडली पाहिजे.